घाईचा हल्ला

हिंजवडी हे गाव मुळशी तालुक्यात मोडते, ही गोष्ट तेथील काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसते. त्या इमारतींकडे जाणाऱ्या बसगाड्यांत तरुण मंडळी मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळत असतात, आणि त्याबद्दल आमची काडीचीही तक्रार नाही. वाहतुकीच्या कोंडीत वेळ घालविण्याचे याहून वाईट मार्ग किती तरी आहेत. जलद खेळास सरसकट जुगार म्हणणारे वडीलधारे आहेत, त्यांच्याशीही आम्ही सहमत नाही. आमचा वाद आहे तो या तरुणांत रुजलेल्या एका मताशी. ते मत असे की, आक्रमक खेळाडूने जलद डाव खेळावे तितके थोडेच. दिलेला बळी बरोबर की चूक हे पाहत बसू नये. प्रतिपक्षी गोंधळतो, त्याचे घड्याळ संपते, आणि असे खेळता खेळता खेळ आपोआप सुधारतो.

अशाने रेटिंग वाढेल. खेळ सुधारेल हे आम्हांस मान्य नाही.

किल्लेकोट करून बसलेल्या राजापुढच्या प्याद्यावर उंट झोकून देण्याची प्रसिद्ध युक्ती घ्या. मागोमाग घोडा व वजीर धावून येऊ शकत असतील, आणि प्रतिपक्षाचा रखवालदार घोडा जागेवर नसेल, तर ती युक्ती बहुधा साधते. एरवी तो उंट फुकट गेला असे समजावे. आता प्रतिपक्ष्याच्या घड्याळात चाळीस सेकंद उरले आहेत. बचाव पटावर समोर आहे, पण शोधण्यास वेळ नाही. तो चुकतो आणि मात होते. जिंकणारा समजतो की आपला हल्ला बरोबर होता. वस्तुतः बरोबर काहीच नव्हते, घड्याळ मात्र मदतीला आले. हा अनुभव शंभर वेळा घेणारा मनुष्य एकच खोटी गोष्ट शंभर वेळा पाठ करतो, आणि पराभव तरी मनुष्यास विचार करावयास लावतो, जय तेवढेही करीत नाही. पुढे हाच खेळाडू खऱ्या पटावर स्पर्धेस बसतो. समोरचा मनुष्य पंधरा मिनिटे शांतपणे विचार करतो, उंट खातो आणि डाव जिंकतो. अशा दोन-चार स्पर्धांनंतर खेळच सोडून दिलेली चांगल्या बुद्धीची मुले आम्ही पाहिली आहेत. रेटिंगचा आकडा कौतुकाने नातेवाइकांस सांगणाऱ्या पालकांनी इकडे थोडे लक्ष द्यावे.

आमच्याविरुद्ध मिखाईल ताल यांचे नाव हमखास पुढे केले जाते. ताल यांनी १९६० साली धाडसी बळी देऊन बोटविनिक यांच्याकडून जगज्जेतेपद घेतले, हे खरेच आहे. पण १९६१ च्या फेरलढतीत बोटविनिक तयारी करून बसले आणि ते पद परत गेले, हेही तितकेच खरे. पुढे १९८८ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ताल यांनी कॅनडात ब्लिट्झची जागतिक स्पर्धा जिंकली. तरुण बोटांची चपळाई तेव्हा त्यांच्यापाशी नव्हती. तीस-पस्तीस वर्षे दीर्घ डावांत खपलेली नजर होती.

दूर कशाला, नागपूरच्या दिव्या देशमुख यांचेच पाहा. आक्रमक खेळाडू म्हणून त्यांची ख्याती आहे. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपी यांच्याशी दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. निर्णायक डाव दिव्यांनी मातीच्या झंझावाताने नव्हे, तर हत्तींच्या लांबलेल्या अंतिम झुंजीत, घड्याळाच्या काट्याखाली धीर धरून जिंकला. आमचे किती आक्रमक वीर हत्ती-प्याद्यांच्या अंतिम भागाचा अभ्यास करतात? वजीर पटावरून गेला की त्यांस डाव संपल्यासारखे वाटते!

मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्यास नळांतून कोसळते आणि त्यावर वीज निर्माण होते. (त्या पाण्याखाली गेलेली गावे आणि १९२१ चा सत्याग्रह विसरून आम्ही हा दाखला देत नाही.) कोसळावयास क्षण पुरतो, साठवावयास सारा पावसाळा लागतो. हल्ल्याची साठवण म्हणजे पटावरील स्थिती सोडविणे. ही काही पाश्चात्त्यांची नवी टूम नव्हे. त्रिवेंगडाचार्यशास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८१४ साली मुंबईत छापला गेला. तोही मुख्यत्वे अशा निवडक स्थितींचाच संग्रह आहे. पेशवाई अजून उभी असताना आमच्या शास्त्र्यांस जे कळत होते, ते मोबाईल हाती असलेल्या पिढीस कळू नये, हे नवल होय.

तेव्हा बसगाडीत खेळावे, अवश्य खेळावे. शक्य तर दर चालीस दोन सेकंदांची भर असलेला डाव निवडावा, म्हणजे निदान जिंकलेली स्थिती घड्याळापायी हातची जात नाही. रोज काही स्थिती घड्याळ न लावता सोडवाव्या; आठवड्यास एखादा तासाभराचा डाव खेळावा. आणि रात्री घरी आल्यावर दिवसातला आपला सर्वांत देखणा विजय संगणकाच्या तपासणीस द्यावा, हरलेला डाव नव्हे. अठराव्या चालीपाशी यंत्र काय म्हणते ते वाचावे, आणि मगच तो डाव मित्रांस पाठवावा.