पडणाऱ्यालाही दाखवा!

यात्रेतील बैलगाडी-घोडागाडीच्या शर्यती आणि बेळगाव परिसरातील रिकामी गाडी पळविण्याच्या स्पर्धा हा आपल्या सीमाभागाचा जुना वारसा आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अपघातानंतर हमखास कानी पडणाऱ्या एका वाक्याविरुद्ध : ‘शर्यत म्हटली की असे चालायचेच!’

हीच वृत्ती एके काळी युरोपातील मोटार शर्यतींतही रुजलेली होती. १९५५ मध्ये फ्रान्समधील ल मां येथे मोटारीचे अवशेष प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. शर्यत मात्र चालूच राहिली. १९७३ मध्ये नेदरलँड्समधील झांडवूर्ट येथे रॉजर विल्यमसन हा तरुण चालक उलटून पेटलेल्या गाडीत अडकला. डेव्हिड पर्ली हा प्रतिस्पर्धी स्वतःची गाडी थांबवून त्याला सोडविण्यासाठी एकटाच धडपडत होता. तेव्हाही शर्यत थांबली नाही. पण दूरचित्रवाणीने ती धडपड घरोघर पोहोचविली. जॅकी स्ट्युअर्टसारखे विजेते १९६६ पासून सुरक्षिततेसाठी भांडत होतेच. त्यांच्या म्हणण्याला आता लक्षावधी साक्षीदार लाभले. १ मे १९९४ रोजी इमोला येथे आयर्टन सेनाचा अपघात तर जगाने थेट पाहिला. त्यानंतर नियम झपाट्याने कडक झाले. २०१८ पासून फॉर्म्युला वनच्या चालकाच्या डोक्याभोवती धातूची कमान सक्तीची झाली. २०२० मध्ये बहारीनला रोमँ ग्रोजाँ आगीच्या लोळातून जिवंत बाहेर पडला, त्यात या कमानीचा मोठा वाटा होता.

यावर कोणी म्हणेल, कॅमेऱ्यामुळेच हुल्लड वाढते. यात तथ्य आहे. परंतु आपल्याकडे कॅमेरा दाखवितो तरी काय? विजेती बैलजोडी, गुलाल आणि पाहुण्यांचा सत्कार! उलटलेली गाडी, जखमी गाडीवान, उर फुटेतो पळालेला बैल यांना कात्री लागते. जे दिसतच नाही त्याची लाज कोणाला वाटणार?

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली. पुढे कर्नाटक व महाराष्ट्र शासनांनी २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वैध ठरविली. ही मुभा जनावरांचा छळ होणार नाही या विश्वासावर मिळालेली आहे. शासकीय सेवेत परवानगीच्या अटींचे कागद आम्ही पुष्कळ पाहिले. मैदानावर न दिसणारी अट ही अट नव्हे, कागदाचा अलंकार होय.

म्हणून आमचे यात्रा समित्यांना स्पष्ट सांगणे आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत नको. गाडीलगत भोंगे वाजवीत पळणाऱ्या मोटारसायकली बंद करा. प्रेक्षकांसाठी कठडे उभारा. डॉक्टर आणि पशुवैद्य मैदानावर हजर ठेवा. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक फेरीचे आरंभापासून अखेरपर्यंत, काटछाट न करता चित्रीकरण करून ते तालुका प्रशासनाच्या हाती द्या. हे जमत नसेल तर वारशाचे नाव घेऊ नका. पूर्वजांनी आपल्याला बैलांची पूजा शिकविली. त्यांच्या नावावर निष्काळजीपणा खपविण्याचा अधिकार आपल्याला नाही.