‘पूर्ण’ या एका शब्दावर भागत नाही

‘कम्प्लीट’ आणि ‘फिनिश्ड’ या दोन इंग्रजी शब्दांत फरक काय, असे विचारणारा एक विनोद गेली काही वर्षे मोबाईलवरून फिरतो आहे. तो बहुतेक वाचकांकडे येऊन गेला असेल, म्हणून आम्ही पुन्हा सांगत नाही. परंतु त्यामागचा प्रश्न खरा आहे. संपणे, पूर्ण होणे, अंतिम ठरणे आणि कायम होणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ज्यांच्या जमीनजुमल्याचे कागद दुसऱ्या भाषेत लिहिले जातात, त्या आपणा सीमावासीयांना हा फरक न कळणे परवडणारे नाही.

काही वर्षांपूर्वी एक वयस्क शेतकरी वाटपाच्या दाव्यातील हुकूमनाम्याची इंग्रजी नक्कल घेऊन आमच्याकडे आले. ‘वकीलसाहेब, आमची केस अकरा वर्षांपूर्वीच पूर्ण झाली, मग जमीन अजून भावाच्याच वहिवाटीत कशी?’ हा त्यांचा प्रश्न. निकाल लागला त्या दिवशी घरातल्या शिकलेल्या मुलाने कागद वाचून ‘निकाल पूर्ण लागला’ असे सांगितले होते. गावात पेढे वाटले गेले आणि कागद ट्रंकेत गेला. प्रत्यक्षात तो प्रारंभिक हुकूमनामा होता. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 2 मध्येच म्हटले आहे की, दावा पूर्णपणे निकालात निघण्यापूर्वी आणखी काही कार्यवाही व्हायची असेल तर हुकूमनामा प्रारंभिक, आणि तो दावा पूर्णपणे निकालात काढत असेल तर अंतिम. त्या गृहस्थांचा हिस्सा किती हे ठरले होते. कोणता, हे ठरलेच नव्हते. मोजणी व्हायची होती, सरस-निरस वाटप व्हायचे होते, अंतिम हुकूमनामा मुद्रांकावर उतरायचा होता. एका शब्दाच्या ढिलाईने त्यांची अकरा पिके गेली.

इंग्रजीत पूर्णत्वाचे शब्द अनेक आहेत आणि प्रत्येकाचे कूळ वेगळे आहे. ‘कम्प्लीट’ लॅटिनमधील ‘भरणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. आपला ‘पूर्ण’ही भरण्याच्याच धातूपासून झाला आणि इंग्रजीतील ‘फुल’ हा त्याचा दूरचा भाऊबंद. ‘फिनिश’ आणि ‘फायनल’ हे मात्र लॅटिन ‘फिनिस’ या शब्दाचे वंशज, आणि ‘फिनिस’ म्हणजे हद्द, सीमा. भांडे भरले की ‘कम्प्लीट’. हद्द आली, पुढे जाता येत नाही, की ‘फायनल’. ‘होल’ हा ‘हेल्थ’च्या कुळातला, म्हणजे धडधाकट, न मोडलेला. ‘एन्टायर’च्या मुळाशी ‘हात न लागलेले’ हा अर्थ आहे. आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणजे बंधनातून सोडवलेले, अटीपासून मोकळे.

कायदा या शब्दांची अदलाबदल करीत नाही. 1872 च्या भारतीय करार अधिनियमात प्रस्तावाचे कळवणे ‘कम्प्लीट’ होते ते समोरच्याला कळले तेव्हा. पण प्रस्तावाची स्वीकृती मात्र ‘अ‍ॅब्सोल्यूट’ असावी लागते. दोन्ही ठिकाणी ‘पूर्ण’ लिहिले तर दुसऱ्या कलमाचा प्राणच जातो. तेथे ‘बिनशर्त, निरपवाद’ असे म्हणावयाचे आहे. ‘होय, पण’ असे म्हणणाऱ्याने स्वीकृती दिलेलीच नसते.

आमचे जुने दस्तलेखक याबाबतीत आजच्या भाषांतरकारांपेक्षा जागरूक होते. ते ‘मुदत खरेदी’ आणि ‘कायम खरेदी’ असा भेद करीत. मुदत टळली, पैसे फिटले नाहीत, की विक्री ‘अ‍ॅब्सोल्यूट’ होते. तिला त्यांनी ‘पूर्ण विक्री’ म्हटले नाही, ‘कायम’ म्हटले. कोणा कोशाच्या आधारावाचून त्यांनी नेमका शब्द योजला, कारण व्यवहार त्यांना कळत होता.

मराठी या बाबतीत दरिद्री आहे असे कोणी समजू नये. ‘सगळी भाकरी संपली’ म्हणतो तोच मनुष्य ‘अख्खी भाकरी ताटात राहिली’ असेही म्हणतो. सगळे म्हणजे उरले नाही ते, अख्खे म्हणजे तुटले नाही ते. ‘पुरे’ म्हणजे बस. ‘पुरता बुडाला’ म्हणजे वाचण्याची आशा नाही. लग्न उरकणे आणि लग्न पार पडणे यांतला फरक वधूपित्याला विचारावा. एवढे बारकावे घरात बोलणारे आपण कागदापुढे आलो की एकट्या ‘पूर्ण’वर सारे का भागवतो?

सीमाप्रश्नातही हाच गोंधळ आहे. 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल ‘फायनल’ आहे, असे कर्नाटकाकडून वारंवार सांगितले जाते. आयोग शिफारस करतो. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद 3 ने संसदेला दिला आहे. अहवाल लिहून संपला, सादर झाला, म्हणून प्रश्न अंतिम ठरला असे होत नाही. पण आपल्याकडेही दोष आहे. एखादा अंतरिम आदेश अनुकूल आला की आपल्याच फलकांवर ‘संपूर्ण विजय’ झळकतो आणि पुढच्या तारखेला लोकांचा हिरमोड होतो. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, कामकाज पूर्ण झाले. परंतु ते अखंड झाले नाही, हे बेळगाव-निपाणीकरांनी कोणाकडून शिकायला नको. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या न्यायालयाचा निर्णय अंतिम असतो. तरीही अनुच्छेद 142 त्याला अधिकार देतो तो ‘कम्प्लीट’ न्याय करण्याचा. न्याय हद्दीपाशी थांबून चालत नाही, तो भरावा लागतो, असा त्या शब्दाचा अर्थ आम्ही घेतो.

जेथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे तत्त्व भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेत मान्य झालेले आहे. मराठी कागदांची आमची मागणी त्यावर उभी आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. पण उद्या ते कागद हाती आले आणि त्यांत ‘फायनल’, ‘अ‍ॅब्सोल्यूट’, ‘होल’ या सर्वांसाठी ‘पूर्ण’ हाच शिक्का मारलेला असला, तर लिपी आपली आणि फसगतही आपलीच होईल. म्हणून भाषांतर करणाऱ्या तरुण वकिलांना आमची विनंती आहे : ‘कम्प्लीट’ला पूर्ण, ‘फायनल’ला अंतिम, ‘होल’ला अखंड म्हणा आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट’ला प्रसंगानुसार कायम किंवा बिनशर्त.

आणि वाचकांनी, काम ‘पूर्ण’ झाले असे कोणी सांगितले, तर पेढे आणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. अजून काही करावयाचे उरले आहे काय? हे पुन्हा उघडता येते काय? यात काही अट दडली आहे काय? तिन्हींचे उत्तर लेखी ‘नाही’ असे मिळेपर्यंत कागद ट्रंकेत ठेवू नये.