खेळाचें यंत्र कीं कामाचें?
यंदा आमच्या हिंगोलीच्या घरीं एक वाद माजला. पुतण्यास भारी किंमतीचा लॅपटॉप हवा. वडील मंडळी म्हणतात, 'हीं खेळाचीं थेरें!' आम्हांस दोन्ही पक्ष अर्धेच खरे वाटतात. खेळांतील चित्रें झरझर रेखाटण्यासाठीं निघालेला ग्राफिक्स प्रोसेसर हजारों आकडेमोडी एकाच वेळीं करतो. म्हणूनच शास्त्रज्ञही आज तो वापरतात. परंतु तो तापतोहि फार. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत असें यंत्र गादीवर ठेवलें, तर वाऱ्याची वाट कोंडून तें आपला वेग आपणच उतरवितें; मग जादा मोजलेले पैसे व्यर्थ!

आमच्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तिला सुमारें २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या अमेरिकेंतील भगिनींनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं टिपलेल्या गुरुत्वलहरींची नोंद सर्वांस खुली असून साध्या लॅपटॉपवरहि तपासतां येते.

अखेर आजोबांनीं निवाडा केला: "बाळ, ती नोंद आधीं घरच्या जुन्या यंत्रावर उलगडून दाखव. काम खरोखर अडलें, कीं नवें घेऊं. मग फावल्या वेळीं खेळलास, तरी कोणी नाक मुरडणार नाहीं."