चार चाकांचा जामीन

आमचे वडील फार शिकलेले नव्हते. पण सल्ला द्यायला शिक्षण लागतेच असे नाही. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या. दुसऱ्याच्या भाऊबंदकीत साक्षीला जाऊ नये, सोयरिकीत मध्यस्थ होऊ नये आणि कोणाला जामीन राहू नये. पहिल्या दोन मी आजवर कसोशीने पाळल्या. तिसरी मोडली ती २०१८ च्या उन्हाळ्यात, एका विद्यार्थ्यापायी. एरवी या सदरात मी वाचकांना काही ना काही शहाणपण सांगत असतो. दिवाळीच्या अंकात निदान एक मूर्खपणा सांगावा, म्हणून ही हकीगत.

विद्यार्थी केज तालुक्यातल्या एका वाडीचा. बी. ए.ला मराठी घेतलेला, दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण. आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत मराठीच्या प्राध्यापकाला मान पुष्कळ मिळतो. मात्र मराठी घेऊन बी. ए. झालेल्या मुलाला पुढे काय मिळते, हे विचारायचे नसते. तो एका सकाळी कागदांची पिशवी घेऊन ओसरीवर आला. मला वाटले, स्पर्धापरीक्षेचा अर्ज असेल. पिशवीतून निघाली ती मोटारीच्या कर्जाची कागदपत्रे. पुण्यात जाऊन टॅक्सी चालवायची होती. हल्लीची ती, फोनवरून बोलावतात ती. जामीनदार म्हणून पगारी माणसाची सही हवी होती.

मी तासभर त्याला उपदेश केला. एम. ए. कर, सेट दे, धीर धर. त्याने सगळे खाली मान घालून ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "सर, कोयता नको."

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी या दोन शब्दांचा अर्थ सांगायला हवा. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम अशा कोयत्यांच्या टोळ्या बांधतो, त्यांना आगाऊ रक्कम देतो आणि ट्रकमध्ये भरून सांगली, कोल्हापूर, सातारा, पुण्याकडच्या किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर नेतो. त्या आगाऊ रकमेला 'उचल' म्हणतात. उचल पोरीच्या लग्नात, आजारपणात, घराच्या पत्र्यांत आधीच खर्च झालेली असते. ऊस तोडून ती फेडायची असते. हंगाम संपला आणि ती फिटली नाही, तर पुढच्या सालच्या हंगामाला माणूस बांधला जातो. या मुलाचे आईवडील वीस वर्षे असा कोयता होते. त्याची प्राथमिक शाळा अर्धी वाडीवर आणि अर्धी उसाच्या फडात झाली होती. मोटारीसाठी सुरुवातीला रोख भरायचे ऐंशी हजारही त्याच आईवडिलांनी त्या वर्षी जादा उचल घेऊन दिले होते. म्हणजे कोयत्यातून सुटण्यासाठी घेतलेल्या गाडीचे पहिले चाक कोयत्यानेच आणलेले!

मी सही केली. आत गेल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "केवढ्याची?" मी म्हणालो, "सहा लाखांची." त्या काही बोलल्या नाहीत. फोडणी मात्र नेहमीपेक्षा जरा जोरात तडतडली.

आता या धंद्याची थोडी कुळकथा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आपल्या सर्वांच्या ओळखीची. त्यातली प्रीमियर पद्मिनी ही जात ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची निवृत्त झाली. तिच्या बॉनेटच्या बाजूला लोखंडी मीटर असे. चालकाने त्याची पट्टी खाली पाडली की भाडे सुरू. त्या मीटरचे काटे कोणी फिरवीत असेल नसेल, पण त्याचा एक मोठा गुण होता. चालकाला जो आकडा दिसे तोच उतारूलाही दिसे. पुढे २०१० मध्ये ओला ही कंपनी निघाली, २०१३ मध्ये अमेरिकेची उबर बंगळुरात उतरली आणि मीटर उतारूच्या खिशातल्या फोनमध्ये गेला. सुरुवातीच्या वर्षांत गिऱ्हाईक आणि चालक दोघांनाही आपलेसे करण्यासाठी कंपन्यांनी पैसा ओतला. गिऱ्हाइकाला भाडे स्वस्त, चालकाला दिवसाच्या ठरावीक फेऱ्यांवर बक्षिसी. पुण्याहून नवा फोन, नवा शर्ट घालून आलेली पोरे वाडीवाडीवर दिसू लागली ती तेव्हा. त्यांना पाहून आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखातल्या कितीतरी पोरांनी गाड्या काढल्या. गाड्या वाढल्या तशी बक्षिसी आटली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या चालकांनी दहा-बारा दिवस संप केला तो याच दुखण्यावर. आमचा विद्यार्थी पुण्यात पोचला होता त्याच पावसाळ्यात. जेवणाची पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा.

तरी दीड वर्ष हप्ता चुकला नाही. महिना तेरा हजार तीनशे. मग मार्च २०२० उजाडला. टाळेबंदीत गाडी बंद, पोट चालू. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. पण व्याजाला मुभा नव्हती, ते चढतच राहिले. त्या ऑक्टोबरात एके दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसाचा मला फोन आला. आवाज तरुण, भाषा अदबीची, अर्थ अजिबात अदबीचा नव्हता. मी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने उचलला नाही. चार दिवस केला, नाही उचलला. वडिलांचा सल्ला मला तेव्हा अक्षरशः त्यांच्या आवाजात ऐकू आला. मी दोन हप्ते भरले आणि घरी सांगितले नाही. पासबुक घरातच असते, हे मी विसरलो होतो.

त्याने फोन का उचलला नाही, हे मला फार उशिरा कळले. गाडी दारात ताडपत्रीखाली झाकून तो आईवडिलांबरोबर ट्रकमध्ये बसून फडावर गेला होता. ज्याने 'कोयता नको' म्हणून माझी सही घेतली, तो मला 'सर, मी ऊस तोडतोय' असे कोणत्या तोंडाने सांगणार? हंगामानंतर वैशाखात माझे सव्वीस हजार सहाशे रुपये एका पाकिटात घरी आले. पाकीट वडील घेऊन आले होते. त्यांच्या हाताची बोटे पूर्ण मिटत नव्हती.

यंदा उन्हाळ्यात कामानिमित्त पुण्याला जाणे झाले. वाकडेवाडीच्या स्थानकावर एस. टी.तून उतरलो तर हा गाडी घेऊन उभा. मी सवयीने मागचे दार उघडू लागलो.

"सर, फुडं बसा. मागं बसलात तर मला परीक्षेला बसल्यागत वाटंल."

मी पुढे बसलो. समोर काचेखाली फोन अडकवलेला. त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ह्यो माझा मुकादम."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "खरंच सांगायलो सर. गावचा मुकादम शिव्या देतो, पण त्याच्या दारात जाऊन आपल्याला बी दोन देता येत्यात. पाय धरता येत्यात. ह्याचं दारच कुठं सापडंना."

आणि मग त्याने २०२३ मधली गोष्ट सांगितली. रात्री एका उतारूला त्याने फोनमधल्या नकाशाने सांगितलेल्या रस्त्याने नेले. रस्ता खोदलेला निघाला, वळसा पडला. उतारूने उतरताना एकच तारा दिला आणि तक्रार केली. सकाळी याचे खाते बंद! हा कंपनीच्या कचेरीत गेला. पहारेकऱ्याने सांगितले, तक्रार फोनमध्येच करायची. फोनमध्ये तक्रारींची यादी होती. याची तक्रार त्या यादीत नव्हती. तेव्हा याने रात्री बसून रीतसर मराठीत अर्ज लिहिला. उत्तर इंग्रजीत आले, तेही यंत्राने लिहिलेले. तीन दिवसांनी खाते आपोआप उघडले. का बंद झाले आणि का उघडले, ते अखेरपर्यंत समजले नाही.

तो अर्ज त्याने मला फोनवर दाखवला. विषय, संदर्भ, महोदय, आपला विश्वासू. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नव्हती. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला व्यावहारिक मराठीत मीच शिकवलेला नमुना होता तो. इतकी वर्षे मी मुलांना अर्ज कसा लिहावा हे शिकवीत आलो; वाचणारा माणूसच नसेल तर काय करावे, हे काही माझ्या अभ्यासक्रमात नाही.

हप्ता चालू असतानाच्या काळातली त्याची हिशोबाची वहीही पाहिली. एका दिवसाचे पान असे: तेरा तास, ११ भाडी. गाडी धावली १६८ किलोमीटर, त्यातले उतारू बसलेले ११२. बाकीचे रिकामे धावणे, म्हणजे भाडे आणायला जाणे. कंपनीचा वाटा जाऊन जमा २,३१०. गॅस ७६०, जेवण-चहा १६०. उरले १,३९०. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर छत्तीस हजार एकशे चाळीस. हे ऐकून माझ्यासारख्या पगारदाराला बरे वाटते. पण पान उलटावे. हप्ता १३,३००. विमा, पासिंग, टायर, दुरुस्ती मिळून सरासरी सहा हजार. भोसरीत चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचा वाटा अडीच हजार. राहिले चौदा हजार तीनशे चाळीस. भागाकार मी मनातल्या मनात केला; तासाला बेचाळीस रुपये. आणि त्या बेचाळिसांत गाडीची झीज धरलेली नाही, चालकाच्या पाठीची तर नाहीच नाही.

मी म्हणालो, "सरकारी दर असतो ना?"

असतो की! पुण्यात जानेवारी २०२४ मध्ये वातानुकूलित टॅक्सीचा दर पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा ठरला. फोन मात्र तो दर मानीत नाही, म्हणून चालकांनी आंदोलने केली. जुलै २०२५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत, गाडी स्वतःची असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा चालकाला द्यावा, असे म्हटले आहे. विलायतेत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक हे कंपनीचे भागीदार नसून कामगारच आहेत, असा निवाडा दिला. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांचे नाव प्रथम कायद्यात घेतले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. कागद हळूहळू जमताहेत. पण मला राहून राहून आठवले ते जानेवारी २०२४. त्या महिन्यात ऊसतोड मजुरांच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. कारखाने आणि मजुरांच्या संघटना समोरासमोर बसल्या, भांडल्या आणि आकडा ठरला. वाढ पुरेशी नसेल, पण टनाचा दर फडातल्या म्हातारीलाही तोंडपाठ असतो. माझ्या पदवीधर विद्यार्थ्याला मात्र पुढच्या भाड्याचा किलोमीटर किती रुपयांचा, हे फोन वाजेपर्यंत ठाऊक नसते.

"मग सोडत का नाहीस?"

तो थोडा वेळ बोलला नाही. सिग्नल सुटल्यावर म्हणाला, "सर, बहीण बारावी झाली. एक बी हंगाम फडावर गेली नाही. पहिलीपासून एकाच शाळंत शिकली. आमच्या घरात असं पहिल्यांदाच झालं." आणि जरा थांबून, "माय आजारी होती तवा आठ दिस फोन बंद ठिवला. मुकादमानं जाऊ दिलं नसतं."

म्हणजे फायदा झाला की तोटा? माझ्या भागाकारात बहिणीची बारावी कुठे मांडायची, ते मला जमले नाही.

उतरताना त्याने कप्प्यातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, त्याची छायाप्रत. "तुम्ही सुटलात, सर," तो म्हणाला. गाडीच्या आकड्यावर माझी नजर गेली. साडेतीन लाख किलोमीटर झाले होते. इंजिनाचा आवाज मला कळत नाही, पण दमलेल्याचा आवाज कळतो. नवी गाडी लागणार होती, नवे कर्ज लागणार होते. दोघांनाही ते ठाऊक होते. तो त्यावर काही बोलला नाही; मीही काही बोललो नाही. भाडे देऊ लागलो तर त्याने हात जोडले.

घरी आल्यावर दाखला सौभाग्यवतींसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "वडील अजून फडावर जातात?"

"या दिवाळीनंतर नको म्हणतोय तो. पण गाडी आता थकली आहे."

"मग पुन्हा सही करून आलात की काय?"

"नाही. त्याने मागितलीच नाही."

त्या दाखल्याची घडी घालीत म्हणाल्या, "त्याने कशी मागावी? तुम्ही विचारायचं होतं."