वेशीबाहेरची माणसे

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यातून १०४ भारतीय, त्यांतील अनेकांना बेड्या घालून, स्वदेशी परत आणले गेले. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. ‘चोरवाटेने गेले, केले तसे भरले’ असे म्हणून हसणारे सुजाण नागरिक आम्हांला आपल्याही गावात भेटले. या मंडळींना आम्ही एक जुना इतिहास सांगू इच्छितो. तो ज्यूंचा आहे, पण त्याचा धागा आपल्या अंगणापर्यंत येऊन पोचतो.

१९२४ साली अमेरिकेने परकीयांसाठी देशवार कोटा ठरविणारा कायदा केला. १८९० च्या शिरगणतीत ज्या देशाचे जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या शेकडा दोन इतक्याच माणसांना त्या देशातून वर्षाला प्रवेश मिळावयाचा. चौतीस वर्षांपूर्वीची शिरगणती का बरे उकरून काढली? कारण पूर्व युरोपातील ज्यू आणि इटालियन यांचे मोठे लोंढे आले ते बहुतांशी त्यानंतर! कायद्यात ‘ज्यू’ हा शब्दही नव्हता. गणितानेच त्यांचा काटा काढला. आपल्यासाठी तर तेवढ्या गणिताचीही गरज पडली नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरविला आणि जो नागरिकत्वास अपात्र त्याला प्रवेशच नाही, असे १९२४ च्या कायद्याने सांगून टाकले.

पण पुढचे दार लागले म्हणून पाठीमागची आग विझत नाही. पोलंड-रुमानियातील छळाला आणि दारिद्र्याला विटलेले ज्यू क्यूबातील हवाना शहरी अडकून पडले. तेथून होड्यांत लपून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, कॅनडातून डेट्रॉइट नदी ओलांडून, मेक्सिकोच्या सरहद्दीवरून, खोट्या कागदांवर आणि उसन्या नावांवर त्यांतील कित्येक अमेरिकेत शिरले. दलालांनी हात धुऊन घेतले. आजच्या ‘डंकी’वाल्यांचे हे पूर्वजच म्हणावयाचे! काल बंदरावर उजळ माथ्याने उतरणारा माणूस आज ‘बेकायदेशीर’ ठरला. माणूस तोच होता, कायदा बदलला होता.

‘हे तर पोटार्थी, यांच्या जिवावर कोठे बेतले आहे?’ असे तेव्हाही विचारले गेले असेल. त्याचे उत्तर पंधरा वर्षांनी मिळाले. १९३९ च्या मे महिन्यात ‘सेंट लुई’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून हवानाकडे निघाले. जवळजवळ सगळे ज्यू होते. त्यांतील बहुतेकांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी रीतसर अर्ज करून ठेवले होते. हवानाने जेमतेम २८ जणांना उतरू दिले, अमेरिकेने कोट्याकडे बोट दाखविले आणि जहाज युरोपास परतले. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या संहारात प्राणास मुकले. चोरवाटेने गेलेले वाचले आणि रांगेत उभे राहिलेले मेले! कायद्याची याहून मोठी नामुष्की कोणती?

राज्याला सरहद्द असावी, सरहद्दीला कायदा असावा, हे आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, माणसाचा जन्म कोठे झाला यावर त्याची किंमत ठरविणारा कायदा हा न्याय नव्हे, आणि असा कायदा बदलता येतो. ब्रुकलिनचे ज्यू लोकप्रतिनिधी इमॅन्युएल सेलर १९२४ साली या कोट्याविरुद्ध बोलले आणि हरले. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. १९४६ साली त्यांचे नाव लागलेल्या कायद्याने हिंदुस्थानला वर्षाला १०० जागा मिळाल्या. १९६५ साली त्यांच्याच पुढाकाराने ती जुनी कोटापद्धती मोडली. आज अमेरिकेत मानाने नांदणारी हजारो मराठी कुटुंबे त्याच दारातून आत गेली आहेत. तेथील कायम वास्तव्यासाठी एका देशाला शेकडा सातची मर्यादा आजही आहे, आणि आपली मुले त्या रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठत आहेत, हेही विसरू नये.

आणि आपला स्वतःचा इतिहास? १९४८ साली रझाकारांच्या अत्याचाराने त्रासलेली बिदर-गुलबर्ग्याकडील कुटुंबे घरेदारे टाकून निजामी हद्दीपलीकडे सोलापूर-बार्शीकडे धावली. तेथे त्यांना कोणी जन्मगाव विचारून कोटा मोजला असता, तर आज हे पान वाचणाऱ्यांपैकी किती जण जन्माला आले असते? त्याच वर्षी पोलीस कारवाईनंतर याच जिल्ह्यांतील निरपराध मुसलमान कुटुंबांवरही पळण्याची पाळी आली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आसऱ्याची गरज धर्म किंवा भाषा विचारून येत नाही.

म्हणून आमची विनंती आहे: मुलांना दलालांच्या हाती देऊ नका आणि दलालांना पाठीशी घालू नका. पण उद्या आपल्या वेशीवर कोणी आसरा मागत आला, तर ‘घुसखोर’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी तो कशापासून पळाला, एवढे तरी विचारा. अमृतसरला उतरलेल्या त्या १०४ जणांना हसण्याचा अधिकार इतरांना असेल-नसेल. सरहद्दीवरच्या माणसाला तो खासच नाही!