तळीयेचा डोंगर आणि कलम २५३

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. २००५ च्या जुलैत याच तालुक्यातील दासगाव आणि जुई गावांवर हाच प्रसंग ओढवला होता. दोन्ही वेळा मंत्री आले, मदत जाहीर झाली. मात्र डोंगर राखण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

राज्यघटनेच्या तिन्ही सूच्यांत पर्यावरण असा स्वतंत्र विषय नाही. जमीन, शेती, पाणी हे राज्यांचे विषय; वने १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत गेली. म्हणूनच १९७४ चा जलप्रदूषण कायदा करताना संसदेला कलम २५२ खाली राज्यांच्या ठरावांचा आधार घ्यावा लागला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा करताना मात्र राज्यांची संमती लागली नाही. आंतरराष्ट्रीय परिषदेतील निर्णय अमलात आणण्यासाठी कलम २५३ संसदेला कोणत्याही विषयावर कायदा करू देते. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा हवाला देऊन तो झाला.

हे गैर नव्हते. पश्चिम घाट सहा राज्यांत पसरला आहे आणि खाणमालकांपुढे एकेकटे राज्य सहज वाकते. गैर आहे ते पुढचे. याच कायद्याखाली घाटातील संवेदनशील क्षेत्र ठरवायचे होते. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. अंतिम अधिसूचना एकही निघाली नाही. कारण सांगितले जाते राज्यांच्या विरोधाचे! जो कायदा राज्यांना न विचारता झाला, त्याच्या अंमलबजावणीला राज्यांच्या होकाराची सबब कशी चालेल?

ज्यांना विचारायला हवे होते, त्यांना मात्र कोणी विचारलेच नाही. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये ग्रामसभांना निर्णयात स्थान द्यावे, असे सुचवले होते. ते बाजूला सारून उपग्रहाच्या चित्रांवरून गावांच्या याद्या झाल्या. वास्तविक ७३ व्या दुरुस्तीनंतर मृद्‌संधारण आणि सामाजिक वनीकरण हे पंचायतींकडे सोपवण्याचे विषय ठरले आहेत. अधिसूचनेने प्रत्येक दरड थांबेल, असे कोणी म्हणणार नाही. परंतु उतारावर काय खोदावे आणि काय खोदू नये, हे ठरवणारा कोणी तरी असला पाहिजे.

१९२३ च्या कौन्सिल ठरावानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर सर्वांना खुले केले होते. तरी १९२७ साली डॉ. आंबेडकरांसह हजारोंना तिथवर चालत जावे लागले. सह्याद्रीच्या रक्षणाचा अधिकारही आज असाच कागदावर आहे. ग्रामसभांनी ठराव करून तो मागितल्याशिवाय दिल्ली हलणार नाही आणि मुंबईही हलणार नाही.