झाडलेली गोळी आणि वाटेवरचे मूल

प्रति,
जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि अध्यक्ष, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उज्जैन

महोदय,

बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिरापासून पटनी बाजाराकडे निघालो, की गर्दीत खांद्याला खांदा लागतो. सराफांच्या पेढ्या इथेच, दर्शनाला आलेल्यांची वाटही इथूनच. उद्या एखाद्या सराफावर कोणी सुरे घेऊन चालून आले, त्याने परवान्याचे पिस्तूल झाडले आणि गोळी रस्त्यावरच्या मुलाला लागली, तर?

सराफापुरते उत्तर कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 44, म्हणजे 1860च्या दंड संहितेतले 106. हल्ला जिवावर बेतेल अशी वाजवी भीती असेल आणि निरपराध माणसाला धोका पोहोचवल्याशिवाय बचाव करताच येत नसेल, तर तो धोका पत्करण्याचा हक्क त्याला आहे. कलमाखालचे उदाहरणही मुलांचेच आहे: जमाव जीव घ्यायला उठला आहे, त्यात लहान मुले मिसळली आहेत, गोळीने त्यांना इजा झाली तरी गुन्हा नाही. अर्थात नुसता माल वाचवायला ही सवलत नाही, आणि परिस्थिती तशीच होती हे न्यायालयात आरोपीनेच दाखवायचे असते. मला हे कलम अन्यायाचे वाटत नाही. मरण समोर उभे असताना कोणाचा हात स्थिर राहील?

पण गोळी लागलेल्या मुलाबद्दल हे कलम एक शब्द बोलत नाही. सराफ सुटला की त्या मुलाच्या आईने कोणाकडे बघायचे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये पीडितांसाठी भरपाई योजना आहे, पण ती ‘गुन्ह्यामुळे’ झालेल्या हानीसाठी. गोळी झाडणे गुन्हा नाही, म्हणून आईचा अर्ज परत पाठवला जाईल, ही माझी खरी भीती आहे. वास्तविक गुन्हा तर घडलेलाच असतो, हल्लेखोरांचा. ते चालून आले नसते तर पिस्तूल खणातच राहिले असते. मुलाची जखम त्यांच्याच खाती मांडायला हवी.

2028च्या सिंहस्थात याच गल्ल्यांत देशभरातून माणसे येतील. त्याआधी प्राधिकरणाने एवढे लेखी जाहीर करावे: बचावाच्या गोळीने जखमी झालेला वाटसरू मूळ हल्ल्याचा पीडित धरला जाईल, आणि कलम 396 मध्ये चौकशीसाठी दिलेल्या दोन महिन्यांच्या आत त्याचा निर्णय लागेल. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या दाखल्यावर तातडीचे मोफत उपचार मिळण्याची सोय त्याच कलमात आहे. तो दाखला कोणी, कोणत्या वेळी द्यायचा, हे पोलीस अधीक्षकांनी प्रत्येक ठाण्याला कळवावे. आणि जिल्हाधिकारी साहेब, शस्त्र परवान्यावर सही करताना त्या माणसाला दुकानाबाहेरची गल्ली किती अरुंद आहे हेही विचारा.

आपला,
उज्जैनचा एक मराठी रहिवासी